टाळेबंदीत संस्थांनी एकत्र येऊन मदत कशी पोहोचवावी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा कोल्हापूरला मदतकार्य नवे नव्हते. जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, पेठापेठांतल्या तरुणांच्या तालीम मंडळांपासून महिला बचत गटांपर्यंत सगळे कामाला लागले होते. पण महापुरात पाणी कुठे शिरले आहे हे डोळ्यांना दिसते. टाळेबंदीत चूल न पेटलेले घर शेजारच्या घरासारखेच दार लावून बसलेले असते. म्हणून अशा वेळी धान्य गोळा करण्याआधी संस्थांनी एकत्र बसावे.

जबाबदाऱ्या आधी कागदावर घ्या

साधारणपणे तिघांची सांगड लागते. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने देणग्या, पावत्या आणि खरेदी सांभाळावी, तालमीच्या कार्यकर्त्यांनी उचल आणि वाटप करावे, आणि वस्तीतल्या आशा स्वयंसेविका किंवा बचत गटातल्या ताईंनी घरे दाखवावीत. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरातील कलम ८०जी ची सवलत मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगावे. सप्टेंबर २०२० मधील कायदादुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. त्यामुळे असा निधी ज्या संस्थेच्या नावावर आला, तिनेच तो स्वतः खर्च करावा.

एकच यादी करा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण चार संस्थांच्या चार याद्या असल्या की रस्त्याकडेच्या घरात चार पिशव्या जातात आणि बोळातले शेवटचे घर राहून जाते. वहीत घरातील माणसे, तान्ही मुले व वृद्ध, शिधापत्रिकेचा रंग, गॅस आहे की चूल, रोजची औषधे आणि शेवटची मदत मिळाल्याची तारीख, एवढे रकाने पुरेत. एप्रिल २०२० पासून केंद्राच्या योजनेतून अन्नसुरक्षा यादीतील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळू लागले, म्हणून त्या सरकारी यादीत नसलेल्यांचा शोध आधी घ्यावा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगार, इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार, हंगामासाठी आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोप्या, अशा पुष्कळांचे कार्ड गावाकडेच राहिलेले असते. वडापचे, म्हणजे वाटून प्रवासी नेणाऱ्या गाड्यांचे, चालक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका कार्ड असूनही अडचणीत येतात, कारण घरभाडे आणि औषध धान्यावर भागत नाही. जे तोंड उघडून मागणार नाहीत, त्यांच्याविषयी शेजाऱ्यांकडे हळूच चौकशी करावी.

पिशवी घर बघून भरा

चौघांच्या घराला पंधरा दिवसांसाठी तांदूळ, पीठ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ, साबण आणि कांदा-लसूण चटणी लागते. पीठ मात्र विचारून द्यावे: बीडकडच्या मजुराला बाजरी-ज्वारी चालते, तर बिहारच्या कामगाराला गव्हाचे पीठ आणि बटाटे जास्त उपयोगी पडतात. ज्यांच्याकडे स्टोव्हसुद्धा नाही त्यांना कच्चा शिधा देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी शिजवलेल्या जेवणाची सोय करावी किंवा त्यांना जवळच्या शिवभोजन केंद्राचा पत्ता द्यावा, जिथे टाळेबंदीत थाळी पाच रुपयांना मिळत होती. खरेदी शक्यतो त्याच पेठेतल्या किराणा दुकानदाराकडून करावी. त्याचाही धंदा मंदावलेला असतो, आणि उधारीची वही त्याच्याकडे असल्याने कोणाचे हात किती आखडले आहेत, हे त्याला नेमके ठाऊक असते.

वाटप

प्रशासनाचे पास आधी काढावेत, मुखपट्टी लावावी आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून दोन पावले मागे यावे. एका चौकात रांग लावू नये. आणि घेणाऱ्याचा फोटो काढू नये; देणगीदाराने मागितला तरी भरलेल्या पिशव्यांचा आणि किराणा बिलाचा फोटो पाठवावा. कालपर्यंत स्वतःच्या कमाईवर घर चालवणाऱ्या बाईला पिशवीसह कॅमेऱ्यासमोर उभे करणे हा तिचा अपमानच आहे, असे मला ठामपणे वाटते.

दर रविवारी सर्व भागीदारांनी फोनवरून जमाखर्च वाचावा आणि ज्या घरात काम पुन्हा सुरू झाले असेल ते यादीतून वगळावे. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. तिची एक प्रत विश्वस्त संस्थेच्या कपाटात कुलपात राहावी, आणि काम संपल्यावर उरलेला शिधा कोणाला द्यायचा हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे.