हनन्या-सप्पीरेचा धडा घेताना

नागपूरच्या सदरमध्ये संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'चा अध्याय 5, म्हणजे हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट, आली की नवे टीचर धडा पळवतात. जमीन विकली, पैसे लपवले, खोटं बोलले, मेले, चला प्रार्थना! पोरं घाबरून घरी जातात.

आधी वचन 4 सावकाश वाचा. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझेच होते, असं येशूचा शिष्य पेत्र हनन्याला म्हणतो. म्हणजे पैसे मागे ठेवण्यात गुन्हा नव्हता. थोडे प्रेषितांपाशी आणून 'हे सगळे' म्हणण्यात होता. मी संत्र्यांवरून सांगते: दोन डझन असतील तर एकच डझन दे, चालेल. पण 'टीचर, एवढीच होती' म्हणू नकोस.

मग वचन 7. सुमारे तीन तासांनी सप्पीरा येते. नवऱ्याचं काय झालं, तिला ठाऊक नाही. पेत्र विचारतो: जमीन एवढ्यालाच विकली का? इथं पुस्तक मिटा. प्रश्न फळ्यावर लिहा, खाली जागा कोरी सोडा. एक 'नाही' पुरलं असतं, हे पोरं आपणच बोलतात.

कुणीतरी हटकून विचारतं, 'हनन्याला कुठं अशी संधी दिली?' सारवासारव करू नका. तिथं असा प्रश्न लिहिलेलाच नाही, हे कबूल करा.

वेळ उरला तर यहोशवाच्या पुस्तकातला अध्याय 7 घ्या: आखान लुटीतला माल चोरून लपवतो, आणि चोर शोधायला चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी आधी वंशावर, मग कुळावर, मग घराण्यावर येते, तरी आखान गप्पच. 2 राजे 5 मात्र सोडू नका. तिथं अलीशा संदेष्ट्याचा नोकर गेहजी गुपचूप भेटी उकळून येतो. 'कुठून आलास?' असं अलीशा त्याला विचारतो, तेव्हा अलीशाला सगळं आधीच ठाऊक असतं. पेत्रालाही असतं. चौकशीसाठी कोण विचारतंय इथं!

शेवटी पोरांकडून सगळ्यांसमोर कबुली काढू नका, त्याचा तमाशा होतो. स्वतःची सांगा. मी माझी सांगते. नाताळच्या कार्यक्रमातले उरलेले 400 रुपये मी वहीत 'रिक्षा' म्हणून दाखवले होते. खजिनदार मावशींनी दोनदा विचारलं, 'हिशेब बरोबर आहे ना गं?' दोन्ही वेळा हो म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी तर्री पोहे खाता खाता विचारलं. माझा घास तोंडातच राहिला.

'मग, टीचर?'

मग काय, मावशींनी पर्समधून पेन काढून दिलं. 'रिक्षा' मीच खोडलं.