आवाज ऐकू येणाऱ्या माणसाजवळ बसायचं कसं, मोशर डॉक्टरांची पद्धत सोलापुरात

घरात कोणाला दुसऱ्यांना ऐकू न येणारे आवाज ऐकू यायला लागले की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात, एकतर बाहेरचं झालंय म्हणून देवऋषी नाहीतर थेट ॲडमिट. लॉरेन मोशर अमेरिकेतले सायकियाट्रिस्ट, तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या (असे आवाज, भास होणारा मानसिक आजार) कामाचे प्रमुख, त्यांनी लंडनचं किंग्सली हॉल, म्हणजे असा त्रास असलेली माणसं आणि सोबती एकत्र राहायचे ते घर, आधी बघितलं होतं आणि मग १९७१ ला कॅलिफोर्नियात सॅन होजेला सोटेरिया नावाचं साधं घर सुरू केलं. सहाएक पेशंट, सोबतीला डिग्री नसलेली पण मायेची माणसं, पहिले सहा आठवडे गोळ्या शक्यतो नाहीत. १९८३ ला पैसे मिळेनात म्हणून ते बंद पडलं. पुढं १९९८ ला औषध कंपन्यांचा वरचष्मा झालाय म्हणून त्यांनी तिथल्या सायकियाट्रिस्ट संघटनेचाच राजीनामा दिला, मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आता आपण काय करायचं. पहिलं म्हणजे हे वाचून चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, एकदम बंद केल्या की त्रास वाढतो, कमी करायच्या असतील तर डॉक्टरांशी बोलूनच.

मग नुसतं जवळ बसा. पोरगा म्हणतो लूमच्या खटखटीत माझंच नाव घ्यायलेत, तर "काही नाही, भास आहे" म्हणू नका आणि हो ला हो पण करू नका. विचारा, काय म्हणायलेत, कधी जास्त येतंय, भीती वाटायली का. उत्तर आलं नाही तरी उठायचं नाही, शेंगाची चटणी भाकरी पुढं ठेवायची, आपण पण तिथंच जेवायचं. चार पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही. एकट्या आईवर सगळं टाकू नका, पाळ्या लावा, सोटेरियात पण माणसं पाळीनं असायची.

जीवाचं बरंवाईट करायची भाषा, मारहाण, किंवा झोप-जेवण पार बंद झालं तर थांबू नका, सिव्हिलला न्या. फोनवर बोलायचं तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, रात्री पण, मराठीत.

आणि माणूस शांत असेल तेव्हाच त्याला विचारून लिहून ठेवा, पुढं त्रास झाला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, निर्णयाला सोबत कोण. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हा हक्क दिलाय, सही त्याची, दोन साक्षीदार घ्या आणि एक कॉपी डॉक्टरांकडं द्या.