चेकआउटला ओटीपी लावताय? या चुका टाळा

कॅश ऑन डिलिव्हरीच्या खोट्या ऑर्डरी आणि परत येणारी पार्सलं यांना वैतागून ऑनलाइन दुकानदार चेकआउटला, म्हणजे ऑर्डर पक्की करायच्या पायरीवर, ओटीपी लावतात. आठवड्याभरात नवी तक्रार येते: "एसएमएस सेवेच्या पॅनेलवर मेसेज गेलेला दिसतो, पण गिऱ्हाइकाला मिळत नाही."

अशा वेळी वेबसाइटचा प्रोग्राम उचकटण्याआधी डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएस नोंदवायची टेलिकॉम कंपन्यांची यंत्रणा) नोंदवलेलं टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर, उघडून बघा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे हेडर (पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आणि मजकूर दोन्ही नोंदवावे लागतात. नोंदवताना "तुमचा ओटीपी" लिहिलं आणि डेव्हलपरने अदबीने "आपला ओटीपी" केलं, की मेसेज वाटेतच अडतो. गेटवेने, म्हणजे तुमचे मेसेज पुढे पाठवणाऱ्या सेवेने, तो स्वीकारलेला असतो, म्हणून पॅनेलवर "सबमिटेड" दिसतं. तुम्हाला हवं ते "डिलिव्हर्ड". मजकूर मराठीत असेल तर मेसेजचा प्रकार युनिकोड (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा) निवडा आणि ७० अक्षरांत आटपा. त्यापुढे दोन मेसेजचे पैसे पडतात. काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजले जातात, हे बिल आल्यावरच कळतं!

दुसरी गडबड "पुन्हा पाठवा" बटणाची. मेसेज रेंगाळतो, गिऱ्हाईक बटण दाबतं, तुम्ही नवा कोड तयार करता. तेवढ्यात पहिला मेसेज येतो, तो कोड टाकला की "चुकीचा ओटीपी". अशाने कार्ट तिथेच सोडून लोक जातात. मुदत संपेपर्यंत तोच कोड परत पाठवा आणि बटण निदान ३० सेकंद बंद ठेवा.

कोड डेटाबेसमध्ये संख्या म्हणून ठेवू नका. ०४८२१७ चा ४८२१७ होतो आणि दर दहातल्या एका गिऱ्हाइकाला विनाकारण नकार मिळतो.

पडताळणी सर्व्हरवर, ऑर्डर नोंदवतानाच व्हायला हवी. ओटीपी बरोबर येईपर्यंत नुसतं ऑर्डरचं बटण लपवणं म्हणजे पडताळणी नव्हे. एक हमखास सुटणारी फट: स्वतःच्या नंबरवर ओटीपी घ्यायचा, मग फॉर्ममधला नंबर बदलून ऑर्डर द्यायची. म्हणून नंबर बदलला की जुनी पडताळणी रद्द. चुकीच्या प्रयत्नांना पाचाची मर्यादा घाला, नाहीतर सहा आकडी कोडच्या दहा लाख शक्यता बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) एकेक करून तपासत बसेल. मेसेज पाठवण्यावरही नंबर आणि आयपीनुसार (इंटरनेट जोडणीचा पत्ता) मर्यादा हवी. नाहीतर एसएमएसचा बॅलन्स रातोरात संपतो.

कार्डाने पैसे भरणाऱ्याला सहसा बँकेचा ओटीपी येतोच, त्याला आणखी एक कशाला? तुमचा फक्त कॅश ऑन डिलिव्हरीला लावा. आणि मेसेजमध्ये दुकानाचं नाव घाला; अनोळखी ओटीपी दिसला की लोक आता फोन बाजूला ठेवतात.