बॅकअप क्वार्टरबॅक कोण ठेवायचा? वाद घालताना या चुका टाळा

ऑगस्ट संपता संपता एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या प्रत्येक टीमला ९० जणांची यादी ५३ वर आणावी लागते आणि दरवर्षी त्या आठवड्यात सगळ्यात जास्त डोकेफोड कुणावरून होते, तर अशा माणसावरून जो कदाचित अख्ख्या सीझनमध्ये एक बॉलही फेकणार नाही. बॅकअप क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूच्या (स्टार्टरच्या) मागे ठेवलेला राखीव माणूस. मला हा वाद मनापासून आवडतो आणि तो फालतू तर अजिबात नाहीये, कारण स्टार्टरचा गुडघा गेला की पुढचं सगळं त्या एका निर्णयावर येऊन थांबतं. फक्त वाद घालताना बहुतेकांचा प्रश्नच चुकतो. या जागेसाठी झगडणाऱ्या दोघांत टॅलेंट कुणाकडे जास्त हे आपण विचारत बसतो, पण विचारायला हवं ते असं की ऑक्टोबरमध्ये स्टार्टर चार आठवडे बाहेर बसला तर यातला कोण आपल्याला त्या चारपैकी निदान दोन मॅच काढून देईल? हा प्रश्न धरून ठेवला की खालच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

प्रिसीझनच्या आकड्यांवर भाळणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती फक्त चाहते करत नाहीत, टीमसुद्धा करतात. २०२३ चे क्लीव्हलँड ब्राउन्स बघा. डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन हा ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पाचव्या राउंडचा रुकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा पोरगा, प्रिसीझनमध्ये (सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये) एवढा छान खेळला की ब्राउन्सनी ऑगस्टमध्येच जॉश डॉब्ज या अनुभवी बॅकअपला ॲरिझोनाला ट्रेड करून टाकलं. सगळे खूश. मग चौथ्या आठवड्यात स्टार्टर डेशॉन वॉटसन खांद्यामुळे ऐनवेळी बसला आणि या पोराला थेट बॉल्टिमोर रेव्हन्सच्या डिफेन्ससमोर उभं केलं. तीन इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांनीच पकडला), १२१ यार्ड, २८-३ ने पराभव. पोराचा काय दोष त्यात, प्रिसीझनमध्ये समोर असतात ती दुसऱ्या तिसऱ्या फळीतली मुलं, डिफेन्स साधंसुधं लावलेलं, कुणी ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) लपवत नाही, कुणी त्या आठवड्याचा खास प्लॅन करून येत नाही, कारण खरे पत्ते कोचेस सप्टेंबरसाठी राखून ठेवतात.

ग्रीन बेचा ब्रेट हंडली आठवतोय का? २०१५ च्या प्रिसीझनमध्ये ७ टचडाऊन (इथला गोल समजा), आणि २०१७ ला स्टार्टर ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडल्यावर त्याने स्टार्ट केलेल्या नऊ मॅचमध्ये ३ विजय, ६ पराभव.

मग प्रिसीझन बघूच नये का? बघा की, पण आकडे सोडून बघा. एक प्ले (चाल) संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंदांचं प्ले क्लॉक असतं, आणि क्लॉक १५ वर आलं की हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद होतो. तेवढ्यात याने तो लांबलचक प्ले ऐकायचा, हडलमध्ये (टीमच्या घोळक्यात) न अडखळता सांगायचा, लाइनवर येऊन डिफेन्स बघायचं आणि गरज पडली तर प्रोटेक्शन, म्हणजे त्याला वाचवणाऱ्यांची मांडणी, बदलायचं. ज्याची टीम क्लॉक तीनवर येईपर्यंत हडलमध्येच उभी असते तो अजून तयार नाही, मग त्याने नंतर ५० यार्डचा कितीही देखणा थ्रो टाकू दे. दुसरं म्हणजे थर्ड अँड सेव्हनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात सात यार्ड हवे असताना, पहिला रिसिव्हर (बॉल पकडणारा) झाकला गेला की याची नजर दुसऱ्या तिसऱ्याकडे जाते की लगेच खाली मान घालून पळायला लागतो तेवढं बघा. हायलाइट्समध्ये हे कधी दिसत नाही, पूर्ण ड्राइव्ह, म्हणजे बॉल ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतचा सगळा खेळ, बघावा लागतो.

आणि त्या डॉब्जचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. ॲरिझोनाने त्याला ३१ ऑक्टोबरला मिनेसोटाकडे पाठवलं, ५ नोव्हेंबरला अटलांटात त्यांच्या क्वार्टरबॅक जॅरेन हॉलला डोक्याला मार लागला आणि डॉब्जला आत जावं लागलं, टीममेट्सची नावंसुद्धा धड माहीत नव्हती, कोच केव्हिन ओ'कॉनेल हेल्मेटमधून तो पंधरा सेकंदांचा कट-ऑफ येईपर्यंत त्याला समजावत होता, आणि तरी मिनेसोटा व्हायकिंग्ज ३१-२८ ने जिंकले! बॅकअपमध्ये नेमकं काय शोधायचं ते त्या एका मॅचमध्ये सगळं दिसतं.

एका भारी मॅचवरून माणूस ठरवणं, आणि सिस्टीमकडे दुर्लक्ष

या दोन चुका मी मुद्दाम एकत्र घेतोय कारण ग्रीन बेच्या बॅकअप मॅट फ्लिनच्या गोष्टीत दोन्ही आहेत. १ जानेवारी २०१२ ला रॉजर्सला विश्रांती दिली होती तेव्हा फ्लिनने डेट्रॉइटविरुद्ध ४८० यार्ड आणि ६ टचडाऊन केले. त्या एका मॅचच्या जोरावर सिॲटलने त्याला तगडा करार दिला, स्टार्टर म्हणून आणला, आणि तिथे तिसऱ्या राउंडच्या रसेल विल्सनने कॅम्पमध्येच त्याची जागा घेतली. म्हणजे फ्लिन वाईट होता का? तर नाही. २०१३ ला रॉजर्स जखमी झाला, सेनेका वॉलेस पुढच्याच मॅचच्या सुरुवातीला जखमी झाला, स्कॉट टॉल्झिनला झेपेना, तेव्हा ग्रीन बेने फ्लिनलाच परत बोलावलं. त्याने मिनेसोटाविरुद्ध हरत आलेली मॅच २६-२६ बरोबरीत सोडवली, थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटकडून ४०-१० असा मार खाल्ला, मग अटलांटाविरुद्ध २२-२१ आणि डॅलसमध्ये ३७-३६ असे दोन विजय काढले. रॉजर्स शेवटच्या मॅचला परतला आणि ग्रीन बे पॅकर्स ८ विजय, ७ पराभव, १ बरोबरी यावर प्लेऑफमध्ये गेले. त्या दोन विजयांशिवाय हे झालंच नसतं. माणूस तोच होता, पण ग्रीन बेची सिस्टीम, म्हणजे खेळायची ठरलेली पद्धत, त्याच्या अंगात मुरलेली होती.

त्यामुळे बॅकअप निवडताना आधी आपला ऑफेन्स कसा आहे ते बघा. स्टार्टर रेव्हन्सच्या लमार जॅक्सनसारखा पळणारा असेल आणि निम्मे प्ले त्याच्या पायांवर उभे असतील, तर मागे पॉकेटमध्ये (लाइनच्या आडोशाला) खांबासारखा उभा राहणारा माणूस ठेवला की एका आठवड्यात अख्खं प्लेबुक बदलावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. रेव्हन्सनी टायलर हंटलीला उगाच नव्हतं ठेवलं. २०२३ ला कोल्ट्सचा अँथनी रिचर्डसन बाहेर गेल्यावर गार्डनर मिन्श्यूने टीम शेवटच्या आठवड्यापर्यंत शर्यतीत ठेवली, कारण कोच शेन स्टायकनची भाषा तो फिलाडेल्फियातच शिकून आला होता.

ड्राफ्टचा नंबर आणि नाव बघणं

"आपण याच्यासाठी एवढे पिक मोजलेत, याला सोडायचं कसं?" हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. मोजलेले पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या संधी) परत येत नसतात हो. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ ला ट्रे लान्सला तिसऱ्या नंबरवर घ्यायला पहिल्या राउंडचे तीन पिक घालवले होते, आणि तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये सॅम डार्नोल्ड बॅकअप म्हणून बरा वाटला तेव्हा लान्सला चौथ्या राउंडच्या पिकवर डॅलसला देऊन टाकलं. पचायला जड निर्णय होता पण माझ्या मते बरोबर होता.

याच्या उलटही एक चूक आहे. टॉम ब्रेडी १९९ वा पिक होता, ब्रॉक पर्डी २६२ वा म्हणजे अगदी शेवटचा, म्हणून आपल्या सातव्या राउंडच्या पोराला काही झालं तरी ठेवाच असा हट्ट. दोघांनाही टीमने पहिल्या वर्षी ठेवलं हे खरंय, २००० मध्ये पॅट्रियट्सनी तर ब्रेडीला धरून चार क्वार्टरबॅक ठेवले होते. पण दरवर्षी उशिरा निवडलेले किती क्वार्टरबॅक येतात आणि गायब होतात त्यांची आठवणसुद्धा कुणाला नसते. ठेवायचं तर त्याच्या खेळात काय दिसलं म्हणून ठेवा.

२०२५ ला ब्राउन्सकडे जो फ्लॅको, केनी पिकेट, डिलन गेब्रियल आणि शेडूर सँडर्स असे चार जण होते आणि सगळी चर्चा सँडर्स या आडनावाभोवती (वडील डीऑन एनएफएलचे दिग्गज) फिरत राहिली. खरं तर तिथे दोन वेगळे प्रश्न होते. या वर्षी मॅच कोण जिंकून देईल हा एक, आणि दोन वर्षांनी स्टार्टर कोण होऊ शकेल हा दुसरा. दोन्हींची उत्तरं एकाच माणसात सापडतीलच असं नाही. शेवटी पिकेट रेडर्सकडे गेला, फ्लॅको चार मॅचनंतर बेंचवर आणि मग ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीला, का तर तिकडे जो बरो जखमी होता आणि जेक ब्राउनिंगला जमत नव्हतं.

बॅकअप आठवडाभर करतो काय हे विसरणं

सीझन सुरू झाला की प्रॅक्टिसमधले जवळजवळ सगळे रेप्स (सरावाच्या पाळ्या) स्टार्टरला मिळतात. बॅकअप काय करतो, तर समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकची नक्कल करत आपल्या डिफेन्सला तयार करतो, फिल्म बघतो, साइडलाइनवर टॅब्लेट घेऊन स्टार्टरला काय दिसलं नाही ते सांगतो. म्हणजे रविवारी आत जायची वेळ आली तर त्याने त्या आठवड्याचे बरेचसे प्ले एकदाही स्वतः खेळलेले नसतात, आणि हे ज्याला झेपतं तो बॅकअप. चेस डॅनियल २००९ ते २०२२ लीगमध्ये टिकला, स्टार्ट फक्त ५, आणि कमाई चार कोटी डॉलरच्या वर. टीम उगाच एवढे पैसे देत नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या पोराला मात्र वाढायला रेप्स लागतात आणि बॅकअपला ते मिळत नाहीत, म्हणून "याला बॅकअप ठेवा म्हणजे तो शिकेल" हे ऐकायला जेवढं बरं वाटतं तेवढं खरं नसतं.

कट झाला म्हणजे गेला असं समजणं

२०२२ ला डॅलसने ५३ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून एकट्या डॅक प्रेस्कॉटला ठेवलं, कूपर रश कट! लोकांनी डोकं धरलं. रश प्रॅक्टिस स्क्वॉडवर (५३ बाहेरच्या सरावाच्या तुकडीत) परत आला, पहिल्याच मॅचला डॅकचा अंगठा मोडला, आणि रशने पाचपैकी चार मॅच जिंकल्या. अर्थात यात जोखीम असते, कारण चारपेक्षा कमी सीझन झालेला खेळाडू वेव्हर्सवर जातो आणि तिथून कुठलीही टीम त्याला उचलू शकते. त्यामुळे तरुण आणि सगळ्यांच्या नजरेत भरलेला पोरगा असेल तर तो परत मिळेल असं गृहीत धरू नका. अनुभवी माणूस थेट मोकळा होतो, त्याच्याशी आधीच बोलून ठेवता येतं. बाहेर कोण बसलंय तेही बघा. त्याच २०२३ च्या ब्राउन्सनी नोव्हेंबरमध्ये ३८ वर्षांच्या फ्लॅकोला घरून उचलून आणलं आणि त्याने स्टार्ट केलेल्या पाचपैकी चार मॅच जिंकून टीमला प्लेऑफमध्ये नेलं. तिथे ह्यूस्टनने ४५-१४ ने धुतलं ते वेगळं.

तिसरा क्वार्टरबॅक म्हणजे वाया गेलेली जागा?

जानेवारी २०२३ च्या एनएफसी चॅम्पियनशिपमध्ये (सुपर बोलआधीच्या मॅचमध्ये) सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्डीच्या कोपराचं लिगामेंट फाटलं, जॉश जॉन्सन आला, त्याच्याही डोक्याला मार बसला, मग बॉल फेकता न येणाऱ्या पर्डीलाच परत पाठवावं लागलं आणि फिलाडेल्फियाने ३१-७ ने मॅच नेली. त्यानंतर लीगने नियम केला की इनॲक्टिव्ह (त्या मॅचच्या यादीत नसलेला) तिसरा क्वार्टरबॅक इमर्जन्सी म्हणून आत येऊ शकतो, पण पहिले दोघे जखमी झाले किंवा त्यांना रेफरीने मैदानाबाहेर काढलं तरच, नुसते वाईट खेळतायत म्हणून नाही.

तरी ५३ मधली तिसरी जागा फुकट नसते, तिथे पंट (लाथेने लांब मारलेला बॉल) कव्हर करणारा एखादा लाइनबॅकर किंवा पाचवा कॉर्नरबॅक असा डिफेन्सचा माणूस बसला असता. तुमचा स्टार्टर सतरा मॅच टिकणारा असेल तर दोन ठेवा आणि तिसरा प्रॅक्टिस स्क्वॉडवर. तो वारंवार जखमी होणारा असेल आणि दुसरा रुकी असेल, तर मात्र मी तिसरा अनुभवी माणूस ठेवीन आणि तो पाचवा कॉर्नरबॅक सोडून देईन.