आखाजी ते आखाजी: एक दोष कमी करण्याची रीत

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी प्रताप शेठांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले. सद्गुण म्हणजे काय, ही चर्चा अशा ठिकाणी शोभते. येथे सांगायची आहे ती स्वतःमधला एकच दोष कमी करण्याची रीत. तिची मुदत आपल्याकडे खानदेशात सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतीकामाला ठेवलेल्या गड्याची, असते तीच धरावी, आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी. सालदार ठेवताना काम, मोबदला आणि मुदत आधी ठरते. स्वतःला सुधारायला निघालेला माणूस मात्र यांपैकी काहीच न ठरवता ‘यंदा नीट वागायचे’ एवढेच म्हणतो आणि पोळ्यापर्यंत तेही विसरतो.

प्रथम दोष वहीत लिहावा. ‘मी तापट आहे’ असे लिहून भागत नाही. तो केव्हा, कोठे आणि कोणासमोर उफाळतो, हेही लिहावे. ‘कापसाला भाव कमी मिळाला, की त्या रात्री जेवताना मी घरच्यांवर ओरडतो’ हे वाक्य कामाचे आहे, कारण ते लिहिताना आणखी एक गोष्ट उघडी पडते: ज्याने भाव पाडला त्या व्यापाऱ्यासमोर हाच माणूस अदबीने बोललेला असतो. राग आवरता येतो हे त्याने दुपारीच सिद्ध केलेले असल्यामुळे ‘माझा स्वभावच तसा’ ही सबब रात्री चालत नाही. आपले बरेचसे दोष असे माणूस पाहून बाहेर पडतात, असे माझे मत आहे.

नंतर उलटी कृती ठरवावी. वाकडे लाकूड सरळ करणारे ते विरुद्ध बाजूला वाकवतात, तसे आपला कल असेल त्याच्या उलट दिशेला स्वतःला ओढावे, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आहे. म्हणून ओरडणाऱ्याने नुसते गप्प बसणे पुरेसे नाही. त्या रात्री त्याने स्वतः सर्वांची ताटे वाढावीत आणि भावाची गोष्ट जेवणानंतर काढावी. मजुरीला हात आखडणाऱ्याने ती मागण्याआधी, त्याच संध्याकाळी द्यावी.

रोजची नोंद ठेवावी. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची वही केली होती. आठवड्याला एक सद्गुण घेऊन तो चुकेल तेथे काळा ठिपका देत असे. (तेरा मला फार वाटतात.) त्याच्या यादीत आधी बाराच होते, लोक तुला गर्विष्ठ समजतात, असे एका मित्राने सांगितल्यावर त्याने नम्रता जोडली. स्वतःची यादी स्वतः करणाऱ्याकडून नेमके हेच सुटते, म्हणून आपली वही घरातील एकाला तरी दाखवावी, शक्यतो ज्याला आपल्या दोषाचा सर्वांत जास्त त्रास होतो त्यालाच.

चूक झाली तर उपास किंवा नवी शपथ घेऊ नये. ज्यांच्यादेखत ओरडलो, त्यांच्याचदेखत त्याच दिवशी माफी मागावी आणि ठिपका द्यावा.

पुढच्या आखाजीला बहीण माहेरी येईल, तेव्हा वही न दाखवता तिला विचारावे. वर्षभर घरात नसल्यामुळे फरक तिला चटकन दिसतो. तिने मान हलवून काहीच फरक नाही म्हटले, तर नव्या वहीत पहिले वाक्य तेच लिहावे.