स्वयंपाकघरासाठी कचऱ्याचा डबा निवडताना

कचऱ्याचा डबा घ्यायला निघालेला माणूस बहुधा रंग पाहतो, किंमत विचारतो आणि मोठा डबा घेतला की तो रोज रिकामा करण्याचे कष्ट वाचतील, असा हिशेब मनाशी मांडतो. हा हिशेब चुकीचा आहे. ओल्या कचऱ्याचा डबा मुद्दाम लहान घ्यावा, इतका लहान की तो रोज रिकामा करावाच लागेल. सुक्या कचऱ्याचा डबा मात्र ऐसपैस असावा.

यामागचे कारण कचऱ्याच्या स्वभावातच आहे. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि ताटातले खरकटे यांत वजनाने पाणीच अधिक असते. असा कचरा साचत गेला की खालच्या थराला हवा मिळेनाशी होते आणि हवेवाचून वाढणारे जिवाणू तो उग्र दर्प निर्माण करतात, ज्याचा दोष आपण उगाच डब्याला देतो. उबदार हवेत घरमाशीची अंडी दिवसभरातच फुटतात आणि चिलटांच्या अंड्यांपासून उडती चिलटे तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा इतकी दमट असते की डब्याच्या तळाशी राहिलेला एखादा केळीच्या सालीचा तुकडाही त्यांना पुरतो. आमच्याकडे पूर्वी वीस लिटरचा, डोलत्या झाकणाचा एकच डबा होता; तो तीन-चार दिवसांनी भरत असे आणि दर पावसाळ्यात ओट्याभोवती चिलटांचा थवा उठत असे. तो डबा सुक्या कचऱ्याकडे वळवून ओल्यासाठी लहान डबा आणल्यावर हा त्रास थांबला.

डबा किती लिटरचा हवा, हे दुकानात ठरवू नये. आठवडाभर ओला कचरा एका जुन्या बादलीत टाकावा आणि रोज रात्री तो कुठवर आला, तेथे खूण करावी. नंतर त्या खुणेपर्यंत लिटरच्या बाटलीने पाणी ओतून पाहिले की नेमका आकडा हाती येतो. आमच्या पाच जणांच्या घरी एरवी तीन ते चार लिटर कचरा निघतो, पण रविवारी हिशेब बदलतो: मटणाची हाडे, कांद्याची टरफले आणि पांढऱ्या रश्श्यासाठी दूध काढून उरलेला नारळाचा चोथा मिळून सहा लिटरांच्या पुढे जातात. हा चोथा फार लवकर आंबतो, त्यामुळे तो रात्रभर उघडा राहता कामा नये. आकडा रविवारचा धरावा आणि त्यावर थोडी मोकळी जागा ठेवावी, कारण डब्यावर लिहिलेले माप काठोकाठ भरल्यावरचे असते. चार-पाच माणसांच्या घराला आठ ते दहा लिटरचा डबा पुरेसा होतो. दोघांच्या घराला पाच लिटरचाही चालतो. करवंट्या मात्र ओल्याच्या डब्यात टाकू नयेत, त्या नुसती जागा अडवतात.

सर्वांत जास्त लक्ष झाकणाकडे द्यावे. डोलते झाकण हाताने ढकलावे लागते, त्याच्या आतल्या बाजूला खरकटे लागते आणि ते कधीच पूर्ण मिटत नाही, म्हणून ओल्या कचऱ्याला ते निरुपयोगी आहे. कणकेने किंवा मसाल्याने माखलेल्या हातांनी डबा उघडायचा असतो, तेव्हा पायाने दाबायचा पेडलचा डबाच सोयीचा ठरतो. मात्र या डब्याचे आयुष्य पेडलपासून बिजागरीपर्यंत जाणाऱ्या एका दांडीवर अवलंबून असते. दुकानात डबा उलटा करून ती दांडी पाहावी; ती पातळ तारेची असेल किंवा पेडल नुसत्या प्लास्टिकच्या चिमट्यावर बसवलेले असेल, तर तो डबा वर्षभरही टिकत नाही. पेडल पंधरा-वीस वेळा दाबून पाहावे. त्या वेळी डबा मागे सरकत असेल किंवा कलंडत असेल, तर घरच्या गुळगुळीत फरशीवर तो याहून जास्त सरकेल. दुकानदाराला हे आवडो न आवडो, महाद्वार रोडवर चार दुकाने फिरून मी असाच डबा निवडला आणि अजून त्याची दांडी शाबूत आहे. आतली बादली सुटी निघणारी असावी आणि तिला धरायला कडी असावी, ही अटही सोडू नये.

स्टील की प्लास्टिक, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. स्टील घ्यायचे तर 304 प्रतीचे पाहावे. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, त्यामुळे मीठ, चिंच आणि लिंबू यांना ते बऱ्यापैकी दाद देत नाही. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, असे दुकानात सांगितले जाते, पण ही खूण अपुरी आहे, कारण स्वस्त 202 प्रतीलाही तो सहसा चिकटत नाही. पक्क्या पावतीवर प्रत लिहून घेणे हाच मार्ग आहे. आतली बादली प्लास्टिकची असली तरी बिघडत नाही. तिच्या तळाशी त्रिकोणात 2 किंवा 5 हा आकडा असावा, आतून ती गुळगुळीत असावी आणि तिचे कोपरे गोल असावेत. खरखरीत प्लास्टिकच्या ओरखड्यांत वास मुरतो आणि तो धुऊन जात नाही. नव्या डब्यालाच दर्प येत असेल, तर तो घेऊ नये.

सुक्या कचऱ्याच्या डब्याला झाकणही लागत नाही. दुधाच्या पिशव्या तेवढ्या धुऊन, निथळून टाकाव्यात. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करायला सांगितले, म्हणून ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा रंग निवडला तर पाहुण्यांनाही विचारावे लागत नाही. संपलेले सेल, ब्लेड आणि जुनी औषधे यांच्यासाठी एक लहान बंद डबा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, स्वयंपाकघराबाहेर ठेवावा. घंटागाडीत हे सारे एकत्र ओतले गेले, तर घरी घेतलेली मेहनत वाया जातेच, शिवाय खत होऊ शकणारा कचराही खराब होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून गाडीपाशी डबे वेगवेगळे रिकामे करण्याचा आग्रह धरावा.

जागेचा विचार शेवटी केला तरी चालेल, पण माप टेपने घ्यावे. सिंकखालच्या कपाटात डबा ठेवायचा असेल, तर सांडपाण्याच्या पाइपच्या वळणाखाली किती उंची उरते ते मोजावे आणि पेडलचे झाकण पूर्ण उघडल्यावरची उंची त्याच्याशी ताडून पाहावी. माझे मत मात्र बंद कपाटाच्या विरुद्ध आहे. तेथे ओल कोंडते आणि झुरळांना आयता आसरा मिळतो. ओट्याच्या ज्या टोकाला भाजी चिरली जाते, त्याच्या खाली, शेगडीपासून दूर आणि वारा लागेल अशी जागा उत्तम.

डब्यात प्लास्टिकची पिशवी घालण्याची सवय मोडावी, कारण पिशवीसकट टाकलेला ओला कचरा खतासाठी वापरता येत नाही. वर्तमानपत्राचे दोन कागद तळाशी आणि कडांना लावले की ते सुटे पाणी शोषून घेतात आणि कचऱ्याबरोबर कुजूनही जातात. ज्यांना पिशवी हवीच आहे, त्यांनी आयएस/आयएसओ 17088 असा उल्लेख असलेली, खत होणारी पिशवी घ्यावी. बादली रोज पाण्याने विसळावी, आठवड्यातून एकदा साबणाने घासून उन्हात पालथी घालावी. पावसाळ्यात मात्र कोल्हापुरात आठवडा-आठवडा ऊन पडत नाही आणि ओलसर बादली पुन्हा डब्यात गेली की वास परत येतो. म्हणून डबा घेतानाच त्याच मापाची आतली बादली आणखी एक मागून घ्यावी, म्हणजे एक वापरात असताना दुसरी पंख्याखाली पूर्ण वाळेल.