पोझिशनचे प्रीसेट आधी, क्यू नंतर

दशावताराचा सीझन सुरू झाला की आज कुडाळ उद्या वेंगुर्ला, रोज नवं स्टेज, कुठे ट्रस (लाईट टांगायचा सांगाडा) चार फूट खाली तर कुठे बांबूलाच लाईट बांधलेले, आणि अशात लाईट कन्सोलच्या क्यूमध्ये (प्रसंगाप्रसंगासाठी साठवलेल्या लाईटिंगमध्ये) फिरत्या लाईटच्या पॅन-टिल्टचे, म्हणजे आडवं-उभं वळण्याचे, थेट आकडे भरलेले असले की मेलात, एकेक क्यू दुरुस्त करत बसा. त्यापेक्षा पोझिशनचे प्रीसेट, म्हणजे लाईट कुठे रोखायचा त्या साठवलेल्या जागा, बनवा, 'बाकडं', 'गणपती', 'संकासुर एंट्री' अशी नावं द्या, आणि क्यू रेकॉर्ड करताना लाईट हाताने न फिरवता प्रीसेटच टच करा. म्हणजे क्यूमध्ये आकडा न बसता प्रीसेटची लिंक बसते. नवीन गावात ते सात-आठ प्रीसेट नीट लावून अपडेट केले की सगळे क्यू आपोआप जागेवर. क्यू मात्र अपडेट करू नका हां, प्रीसेट करा, घाईत हाच घोळ होतो (माझाही झालाय, संकासुर अंधारात नाचला).

192 चॅनलच्या छोट्या कंट्रोलरवर हे नाही जमत, त्यात सीनमध्ये आकडेच सेव्ह होतात.

आणि शो फाईल (सगळे क्यू-प्रीसेट असलेली) रोज नव्या नावाने पेनड्राइव्हवर, जनरेटरचा काय भरवसा.